एका जागी एकच काडी

४ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे धुऊन झाले आणि घरात आता मी, माझा मुलगा नरेश आणि ती टाकी एवढेच उरलो आहोत. टाकी म्हणजे माझ्या सुनेची, पायलची, माशांची काचेची टाकी. चांगली तीन फूट लांब. हॉलमध्ये शोकेस होती ती हलवून तिथे ही बसवली. नरेशचे वडील आता नाहीत; यांना रिटायरमेंटला प्लांटमधून मिळालेलं घड्याळ तेवढं वर भिंतीवर राहिलं. सध्या टाकी रिकामी आहे, पण काचेला आतून हिरवट बुळबुळीत थर आहे आणि तळाशी गाळ. जेवायला बसलं की समोर तेच. मी टाकीकडे पाठ करून जेवते.

पायल काल बाळंतपणासाठी माहेरी गेली, दुर्गला, मोहन नगरला. आठवा सरत आला आहे. जाण्याआधी तिने जुनी सडलेली झाडं उपटून फेकली, सातही मासे मागच्या न्हाणीत टबात ठेवले आणि कलकत्त्याहून नवी झाडं मागवली. ती लावायचं काम नरेशकडे. नरेश शिफ्ट करून येतो आणि बूट न काढता सोफ्यावर आडवा होतो, त्यामुळे ते काम होणार नाही हे मला कालच कळलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. नरेशला प्लांटच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मंजूर झालं आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत चावी घ्यायची, नाहीतर ते दुसऱ्याला जाणार. पायलचं म्हणणं, बाळ घेऊन थेट तिकडेच जाऊ. मी नरेशला विचारलं, "कावून?"

"तिले इथं बरं नाई वाटत, आई."

काय बरं वाटत नाही, ते सांगेना. बुटाची लेस सोडत बसला.

दिवसभर विचार केल्यावर कारण सापडलं. मी तिच्या टाकीला घाण म्हणते. दोन वर्षं म्हणतेच आहे, कारण ती घाण आहे. दुसरं काही असूच शकत नाही. आम्ही जुन्या वळणाचे लोक नाही. पोराने कोर्टात लग्न केलं, बौद्धाची मुलगी आणली, मी अख्ख्या लाइनीत हसून पेढे वाटले. आमच्या हुडको कॉलनीत कुणालाही विचारा. तिच्या आईवडिलांशीही माझं चांगलं आहे. मोहन नगरला जायचं ठरलं की नेमका माझा उपास निघतो, एवढंच.

तर ठरलं. टाकी मी लावून दाखवणार. माझं नातवंड या घरात आलं पाहिजे.

७ नोव्हेंबर

पार्सल आलं. लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो आहे.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा जुड्या. चार दिवस खोक्यात कोंडून पानं एकमेकांना चिकटलेली, खालची काळी पडलेली, आणि वास फ्रिजमध्ये विसरलेल्या पालकाचा. प्रत्येक जुडीला बुडाशी शिशाची पट्टी आवळलेली. ती सोडायला गेले तर आतली देठं बोटांतच विरघळली. एका पानामागे चिकट पारदर्शक गोळा होता, आत बारीक ठिपके. गोगलगाईची अंडी म्हणे. मी हात झटकला तर तो गोळा माझ्या साडीवर.

पायल व्हिडिओवर होती. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

"आई, पयले तं शिसं काढून फेका. मंग खालचं काळं झालेलं कैचीनं कापा. खालच्या दोन गाठींची पानं तोडून टाका, तिथूनच मुळं निंगते."

"आन् हे अंडे?"

"तुरटीच्या पान्यात दोन-तीन घंटे ठेवा, मरून जाते सब. मंग धुवा चांगले. आनि आई, चिमट्यानं एकेक काडी अलग लावजा. एका जागी एकच. बीच में दो उंगली का गॅप. जुडीच्या जुडी लावली तं अंदर की सड़ जाती है, उजेड भेटत नाई तिले."

हो हो म्हटलं. मनात म्हटलं, ही मला शिकवते. माझं माहेर तिरोड्याकडचं, धानाचं, म्हणजे भातशेतीचं. आमच्या वीस एकर बांध्या, भातखाचरं, होत्या, रोवणी पाहतच मी मोठी झाले. आणि ही दुर्गला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोर.

टाकीच्या कामासाठी लाल बादली आणि लाल मग वेगळा आणला आहे. तो मागच्या नळाखालीच राहील, आत यायचा नाही. ज्याचं त्याचं वेगळं असलं की घरात कटकट राहत नाही. हे मी पहिल्यापासून पाळत आले आहे.

८ नोव्हेंबर

लहानू दूधवाला उतईहून येतो. त्याला सांगून ठेवलं होतं, आज त्याने बांधीतल्या मातीची गोणी आणून टाकली. काळी, कसदार, शेणखत मुरलेली. पायलने धुतलेल्या बारीक गिट्टीची पिशवी काढून ठेवली होती, पण गिट्टीत काय उगवणार? गिट्टी रस्त्यावर टाकतात. माती तळाला चार बोटं घातली, पाणी सोडलं आणि हाताने कालवून चिखल केला. रबरी मोजे घातले होते तरी चिखल मोज्यात शिरला आणि नखांत जाऊन बसला. काहीतरी लिबलिबीत बोटांना लागून गेलं. गांडूळ असावं. दोनदा उठून सिंकपाशी गेले.

मग रोवणी केली. चार-चार काड्या एकत्र धरायच्या, अंगठ्याने दाबायच्या, थोडी जागा सोडून पुढच्या चार. तो चिमटा हातातही धरला नाही. तासाभरात सहा जुड्या संपल्या. एकेक काडी लावत बसले असते तर दोन दिवस गेले असते.

पाणी निवळेपर्यंत सव्वाचार झाले. मोबाइलवर सहा-सात फोटो काढले आणि त्यातला एक पायलला पाठवला. तिने लिहिलं, "अरे वा आई. गिट्टी नाई टाकली का?" मी टीव्ही लावला.

११ नोव्हेंबर

नरेश शिफ्टवरून आला आणि दारातच थबकला. "आई, गॅस लीक होऊन राहिला." प्लांटमध्ये गॅसचं ट्रेनिंग झालेलं आहे त्याचं. लाइटच्या बटणाला हात लावू दिला नाही, सगळ्या खिडक्या उघडल्या, सिलिंडर उचलून गच्चीवर नेऊन ठेवला.

वास टाकीचा होता. आज स्वयंपाक शेजारच्या रेणूकडून इंडक्शन आणून केला.

१७ नोव्हेंबर

शिसारी. दुसरा शब्द नाही.

पाणी काळ्या चहाच्या रंगाचं झालं आहे. तळातून बुडबुडे येतात, वर येऊन फुटले की गटाराचं झाकण काढल्यासारखा भपका. पानं गळून पाण्यावर साय धरली आहे. एक ठोंब उपटून पाहिला तर बाहेरच्या दोन काड्या कशाबशा हिरव्या, आतल्या दोन नुसता लगदा. बोटाला तार सुटली. हात पाच वेळा धुतला, हळदीने धुतला, राखेने धुतला, तरी जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास. भात तसाच टाकून उठले.

अंडीही मेली नाहीत. गोगलगाई झाल्या आहेत, मोहरीएवढ्या. त्या काचेवर तोंड लावून चालतात आणि त्यांचं तोंड आपल्याकडे असतं.

पायलला रोज एक फोटो पाठवते. आठ तारखेचेच. तिला या दिवसांत काळजी द्यायची नाही, असं मी स्वतःला सांगितलं आहे. खरं म्हणजे मला हरायचं नाही. तिकडे क्वार्टरला रंग लागला, असं नरेश काल बोलून गेला.

१९ नोव्हेंबर

आज पायलचा फोन.

"आई, तुमच्या घड्याळाचा सेल संपला का?"

"नाई तं. कावून?"

"फोटोत रोजच सव्वाचार वाजून राहिले."

मी टाकीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिने वाढवलं नाही. "बरं, मी मम्मीले पाठवते," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. चोर पकडल्यावर कुणी पाणी विचारावं तसं झालं मला.

२३ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या. भागीरथाबाई. पायलचे स्वेटर न्यायला आले म्हणाल्या, पण पिशवीत कैची आणि चिमटा घेऊनच आल्या होत्या. टाकीसमोर उभ्या राहिल्या. नाकाला पदर लावला नाही. वाकून पाहिलं आणि हसायला लागल्या, इतक्या की सोफ्याचा हात धरावा लागला.

"ताई, हे तं तुमी धान रोवलं."

"तं काय झालं? धान बी पान्यातच होते."

"धानाचं डोकं पान्याच्या वरतं राह्यते ना. हे बिचारे पुरे डुबून हाय. आन् धानात बी चार काड्या लावाच्या तं बोटानं फाकवा लागते. तुमाले घरी कोनं शिकवलं नाई का?"

मी म्हटलं, मी स्वतः कधी रोवलं नाही. पाहिलं आहे, धुऱ्यावर, बांधावर उभं राहून. आमच्याकडे बाया यायच्या.

"हां," त्या म्हणाल्या. "मी रोवत होती. तुमसरकडं, बारा वर्सांची होती तवापासून. धुऱ्यावरून फक्त पाठ दिसते मानसाची. हात नाई दिसत."

टोचून नाही म्हणाल्या. बोलता बोलता बांगड्या वर सरकवत होत्या.

मग आम्ही दोघींनी ती टाकी उपसली. हे मी कधी विसरणार नाही. लाल बादलीने काळं पाणी, मग चिखल. मोज्यांचा उपयोग होईना म्हणून शेवटी मीही मोजे काढले आणि कोपरापर्यंत हात घातला. सडक्या पानांचा लगदा ओंजळीने काढला. हाताखाली गोगलगाई कचकच फुटत होत्या. त्या लगद्यातून भागीरथाबाईंनी एकेक ठोंब बाहेर काढला आणि वरची बोटभर हिरवी शेंडी तेवढी कापून घेतली. खालचं सगळं फेकलं. "बुड सडलं तं सडू द्या, शेंडा जिता हाय. शेंड्यालेच नवीन मुळं येते." मी खालची पानं तोडायची, त्या चिमट्याने गिट्टीत रोवायच्या. एका जागी एक. त्यांची बोटं आत जात आणि काडी सोडून बाहेर येत, पण काडी हलत नसे. मी ते हात बघत बसले. चार वाजेपर्यंत काम चाललं. मधे त्यांनी पायलच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, मी नरेशच्या. खूप दिवसांनी इतकं बोलले.

काम झाल्यावर त्या हात धुऊन आल्या आणि पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळल्या. मी लगबगीने पुढे झाले. "बसा बसा, मी देते ना." हॉलमध्ये आणून दिलं, पायलच्या ग्लासात. स्टीलचा, जाड बुडाचा आहे. लग्न झालं त्याच आठवड्यात मी तिला ताट, वाटी, ग्लास असा वेगळा संच घेतला होता आणि दुकानातून नाव कोरून आणलं होतं. पायल. अक्षर सुरेख आलं आहे.

भागीरथाबाईंनी ग्लास फिरवून नाव वाचलं. "नरेशरावाच्या नावाचा कोनता?"

"त्याचा असा अलग नाई. आमचे सारे सारखेच हाय. हे तं मी हौसेनं केलं, नवी नवरी म्हनून."

"हौसेनं," त्या म्हणाल्या.

पाणी पूर्ण प्यायल्या. मी नको नको म्हणत असताना आत जाऊन ग्लास स्वतः घासला, विसळला आणि ठेवला. मांडणीवर नाही ठेवला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, उपडा. तो दोन वर्षं तिथेच असतो.

त्या आमच्या स्वयंपाकघरात आज पहिल्यांदा गेल्या. त्यांना जागा कशी ठाऊक, हे मला कळलं नाही. निघताना त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला.

२४ नोव्हेंबर

सकाळपासून तेच डोक्यात. मी वाईट मनाने काही केलेलं नाही. संच चांगला महागातला आहे. नाव घातलं ते हौसेनंच घातलं. मग म्हटलं, एवढं काय त्यात, आपण त्याच ग्लासात पाणी पिऊन टाकू म्हणजे विषय संपेल.

ग्लास घासलेलाच होता. मी पुन्हा घासला. मग परत एकदा. फिल्टरचं पाणी भरलं आणि ओठांपर्यंत नेलं. पोटातून उमासा आला आणि सिंकवर वाकावं लागलं.

काल त्या सडलेल्या लगद्यात माझा कोपरापर्यंत हात होता. गोगलगाई फुटल्या, शेणाचं पाणी अंगावर उडालं, पण एकदाही ओकारी आली नाही. आज स्वच्छ ग्लासातल्या स्वच्छ पाण्याने आली.

मग ग्लास होता तिथे ठेवला आणि मांडणीवरचा घेऊन पाणी प्यायले. ते नीट उतरलं. मला माझीच किळस आली, आणि ती कशाने धुवायची ते माहीत नाही.

५ डिसेंबर

टाकी लागली. बेचाळीस शेंड्यांतल्या सदतीस जगल्या. गाठींमधून पांढरी दोऱ्यासारखी मुळं निघाली आहेत, नवी पानं तांबूस आहेत. परवा मासे सोडले. मासे आपल्याच घाणीत तोंड उघडझाप करत फिरतात, ते मला अजून पाहवत नाही. पण पाणी स्वच्छ आहे.

फोटो पाठवला, दहा वाजून वीस मिनिटांचा. पायलने लगेच लिहिलं, "भल्ली सुंदर झाली आई. तुमचे हात लागले." संध्याकाळी नरेश म्हणाला, "पायल विचार करून राहिली आई. चावी नको घेऊ म्हनते. मम्मी पन तुमचं लय चांगलं सांगून राहिल्या होत्या तिले."

भागीरथाबाईंनी माझं चांगलं सांगितलं. काय सांगितलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणजे मी जिंकले. महिनाभर याचसाठी त्या नरकात हात घालत होते.

१२ डिसेंबर

परवा मुलगी झाली. साडेसहा पौंड. दोघी चांगल्या आहेत.

आज तिला बघायला जाण्याआधी मार्केटमध्ये भांड्यांच्या दुकानात गेले. नातीला चांदीची वाटी आणि चमचा घ्यायचा होता. तो घेतला. मग मी मागच्या फळीवरून एक लहान ताट काढलं, एक लहान ग्लास काढला, बुड जाड आहे का ते बघितलं आणि काउंटरवर ठेवला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तसं ठरवूनही गेले नव्हते. दुकानदाराने नाव कोरायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "नाम क्या डालना है, माताजी?"

तिचं नाव अजून ठेवलेलंही नाही.

मी म्हटलं, नहीं चाहिए. ताट-ग्लास तिथेच सोडलं. दुकानदार म्हणाला, नाम का पैसा नहीं लगेगा. मी रस्त्यावर येऊन रिक्षा केली.

हॉस्पिटलमध्ये पोर मांडीवर घेतली. नाक यांचं आहे. पायल उशीला टेकून बसली होती, फिक्कट, पण हसली. म्हणाली, "आई, मुळं आली का सब ले?" मी म्हटलं, आली.

खाली स्टँडवर नरेश गाडी काढत म्हणाला, "आई, पायल तयार हाय. सव्वा महिना झाला का आपल्याच घरी आनू. चावी नाई घेत मी, उद्या ऑफिसात लिहून देतो."

"नको लिहून देऊ," मी म्हटलं. "चावी घे."

तो बघतच राहिला. "कावून? तुमीच तं मागं लागल्या होत्या. टाकीचा राग हाय का अजून? तर टाकी आमी घेऊन जाऊ."

"टाकीचा नाई. टाकी घेऊन जा. चावी घे तू."

घरी येईपर्यंत तो विचारत राहिला, काय झालं, कुणी काही बोललं का. कुणी काही बोललं नाही. त्याला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. वर्ष-दीड वर्षात ती पोर चालायला लागेल. खेळून दमली की माझ्याकडेच येईल आणि पाणी मागेल. तेव्हा माझा हात कुठे जाईल, हे मला माहीत आहे.